दोघांपुरता नैवेद्य

॥ श्रीविठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥



देवालयाच्या या पत्रिकेतून वयोवृद्ध व अधिकारी मंडळींची प्रवचने आपण आजवर वाचीत आला आहात. आमचे वय तिशीच्या आतले, शिक्षण बारावीपर्यंतचे, आणि शास्त्राचा परिचय म्हणाल तर तीर्थरूपांच्या मुखातून कानावर पडला तेवढाच. तेव्हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु एक गोष्ट आमच्या घरात घडली, तिने आम्हांस जे शिकविले ते आपल्या कानावर घालावे अशी तीर्थरूपांचीच आज्ञा झाली; म्हणून हे धाडस.

विषय अगदी साधा आहे. ज्या घरात दोनच माणसे राहतात, त्या घरातले रात्रीचे जेवण. धर्मपत्रिकेत हा विषय कशाला, हा तर स्वयंपाकघरातला विषय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या धर्माचे अर्धे आचरण देवघरात होते आणि उरलेले अर्धे चुलीपाशी होते, हे आपल्या आजीपणजींस न सांगता कळत होते. आपण ते विसरत चाललो आहोत.

आपल्या बडोद्याचेच पाहा. गायकवाड सरकारच्या काळात येथे स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांची घरे एके काळी भरलेली होती. दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांतून पंधरा पंधरा, वीस वीस पाने एका पंगतीस बसत असत. आता मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास, मुलगी अमेरिकेस. आणि घरात राहिली ती दोघे. कोठे आजी-आजोबा, कोठे नवे जोडपे, कोठे विधवा माता आणि अविवाहित मुलगा, कोठे वार्धक्यात एकमेकींना धरून राहिलेल्या दोन बहिणी. प्रसाद पोहोचविण्याच्या निमित्ताने आम्ही अशा पुष्कळ घरी जातो. दिवेलागणीच्या वेळी जावे, तर स्वयंपाकघरात अंधार असतो. विचारले तर उत्तर ठरलेले: “अरे, दोघांसाठी कशाला घाट घालायचा?”

हे वाक्य ऐकायला किती साळसूद वाटते! त्यात काटकसर दिसते, निरिच्छपणाही दिसतो. परंतु हेच वाक्य आमच्या घरात शिरले तेव्हा त्याने काय केले, ते आता सांगतो.

सन २०१९ च्या श्रावणात आमच्या मातोश्री निवर्तल्या. थोरल्या भगिनीचा विवाह त्यापूर्वीच झालेला. म्हणून घरात तीर्थरूप आणि आम्ही असे दोघेच उरलो. तेरा दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि आपणांपैकी कित्येकांनी पिठले-भात, वरण-पोळी आणून दिली. ते ऋण फिटण्याजोगे नाही. चौदाव्या दिवशी ओटा पुसून कोरडा केला, तो तसाच कोरडा राहिला. दुपारी बाबा देवळातला प्रसाद घेत. रात्री आम्ही कधी गाठिये आणि चिवडा आणीत असू, कधी मोबाईलवरून काही मागवीत असू. बाबा म्हणत, “मला भूक नाही, तू खाऊन घे.” चहात दोन टोस्ट बुडवून ते आडवे होत. आम्ही तरुण, अननुभवी. आम्हांस वाटले, दुःखाने अन्न गोड लागत नसेल, हळूहळू लागेल.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात एके संध्याकाळी आरतीनंतर मंत्रपुष्पांजली चालू असता बाबा मध्येच थांबले. जो मंत्र त्यांनी चाळीस वर्षे रोज म्हटला, त्याचा पुढचा शब्द त्यांस आठवेना. ओंजळीतली फुले तशीच राहिली आणि ते खांबाला टेकून खाली बसले. आपणांपैकी जी मंडळी त्या दिवशी हजर होती, त्यांस हे स्मरत असेल. डॉक्टरांनी तपासून सांगितले की रक्त फार कमी झाले आहे, वजन उतरले आहे. दुसरा मोठा विकार आढळत नाही. मग त्यांनी विचारले, “रात्री काय जेवता?” बाबा कितीतरी वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “दोघांसाठी चूल कोण पेटवणार?”

सज्जनहो, हे कोण बोलत होते ते ध्यानात घ्या. जे गृहस्थ रोज पहाटे स्नान करून, सोवळे नेसून, देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक स्वहस्ते करतात, त्यांचे हे शब्द होते. ज्यांच्या हातच्या वरणाची आपण वाखाणणी करता, ते आपल्या घरी चहा-टोस्टवर निजत होते. स्वयंपाक येत नव्हता असे नव्हते. घरातल्या दोघांसाठी अग्नी पेटवावा, इतकी त्या दोघांची किंमत आहे, असे वाटणेच संपले होते.

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची कथा आहे. उद्दालक ऋषींनी आपल्या या पुत्रास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगितले. पाणी मात्र हवे तेवढे प्यावे. सोळाव्या दिवशी तो पित्यापुढे आला, तेव्हा पाठ केलेल्या वेदांतले त्यास काहीच स्फुरेना. पित्याने त्यास जेवून येण्यास सांगितले. जेवून आल्यावर विचारील ते त्यास आठवू लागले. तेव्हा उद्दालकांनी त्यास समजाविले की मन अन्नमय आहे. आम्ही ही कथा लहानपणी ऐकली होती. परंतु तिचा अर्थ कळला तो आमच्या पित्याच्या ओंजळीतली फुले थांबली तेव्हा. उपनिषदात पित्याने पुत्रास जेवावयास पाठविले; आमच्या घरी ते काम पुत्रावर आले.

त्या रात्री आम्ही खिचडी करावयास घेतली. आईची पितळी वाटी तांदळाच्या डब्यातच होती. ती दोन वाट्या तांदूळ घेत असे, एवढे पाहिलेले. म्हणून आम्हीही दोन घेतले. ते माप चार माणसांचे होते, हे ध्यानात आले नाही. तीच खिचडी दुसऱ्या दिवशी खाल्ली, तिसऱ्या दिवशी तिला आंबूस वास आला आणि टाकावी लागली. अन्न टाकताना आम्हांस रडू आले. बाबा दारात उभे राहून पाहत होते. ते पुढे आले, डब्यातली वाटी घेतली, हाताने सारखी करून पाऊण भरली आणि म्हणाले, “हे दोघांचे.” मग जरा थांबून म्हणाले, “राउळात तरी किती जण आहेत? विठोबा आणि रखुमाई, दोघेच. त्या दोघांसाठी मी रोज चूल पेटवतो. दोघांसाठी कशाला, असे तिथे कधी मनात आले नाही. घरी मात्र आले. चूक झाली.”

आमच्या या लेखाचे सारे सार त्या एका वाक्यात आहे. देवळातला नैवेद्य ओंजळभर असतो. त्यात भाताची मूद असते, वरण असते, एखादी भाजी असते. तो लहान आहे म्हणून कोणी त्यास कमी लेखीत नाही. उलट लहान आहे म्हणूनच तो निगुतीने करता येतो. मग दोन माणसांचे जेवण लहान म्हणून तुच्छ का मानावे? नैवेद्याचे मोठेपण त्याच्या आकारात नाही, तो ज्याच्यासाठी करावयाचा त्याच्याविषयीच्या आदरात आहे. ज्या शरीरात आत्माराम वसतो असे आपण कीर्तनात ऐकतो, ते शरीर समोरच्या पाटावर येऊन बसते तेव्हा त्याच्यापुढे फरसाणाची पुडी ठेवावी, हे त्या श्रद्धेशी कितपत जुळते, याचा विचार आपणच करावा.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की यज्ञ करून उरलेले अन्न सेवन करणारे सज्जन पापांतून मुक्त होतात. जे केवळ स्वतःसाठीच शिजवितात, ते पापच भक्षण करतात. ज्ञानेश्वर महाराजांनी याच ठिकाणी अन्नास सामान्य वस्तू न समजता ब्रह्मरूप जाणावे असे विवरण केले आहे. आता पाहा, जो एकटा बाहेरून काही आणून उभ्या उभ्या पोटात ढकलतो, त्याच्या खाण्यात यज्ञ कोठे आहे? परंतु ज्या क्षणी घरातले एक माणूस दुसऱ्यासाठी तांदूळ निवडू लागते, त्या क्षणी यज्ञास आरंभ होतो. तेथे अर्पण करणारा आहे, ज्यास अर्पावयाचे तो आहे, अग्नी आहे आणि हविर्द्रव्य आहे. यज्ञास याहून अधिक काय लागते? म्हणून दोघांचे घर हे यज्ञाचे लहानात लहान स्थान आहे.

तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगूने तप करून ब्रह्म जाणावयाचा यत्न केला, तेव्हा त्यास पहिल्या पायरीवर अन्न हेच ब्रह्म असे कळले. पुढे प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या तो चढला. परंतु पहिली पायरी अन्नाचीच होती. ती ओलांडून कोणासही उडी मारता आलेली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग हा अतिशय खाणाऱ्यास साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही असे स्पष्ट आहे. उपास वेगळा आणि उपेक्षा वेगळी. एकादशीचा उपास मन देवाकडे लावण्यासाठी असतो. कंटाळ्याने उपाशी निजणे हे व्रत नव्हे.

आता काही जण म्हणतील, “हे सारे खरे, पण दोघांसाठी करावे कसे? थोडे करू जाता उरते, आणि बाहेरून आणलेलेच स्वस्त पडते.” या शंकेत तथ्य आहे. दोघांच्या स्वयंपाकाची खरी अडचण श्रमांची नाही, मापाची आहे. आठ माणसांसाठी वळलेला हात दोघांवर येत नाही. म्हणून बाबांनी आम्हांस जे शिकविले ते क्रमाने सांगतो. ज्या माताभगिनी यात निष्णात आहेत, त्यांनी आमचे अज्ञान पोटात घालावे.

पहिली गोष्ट, घरात एक वाटी मापासाठी नेमावी आणि ती कधी बदलू नये. दोन माणसांच्या मऊ खिचडीस पाऊण वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ आणि चार ते पाच वाट्या पाणी लागते. पिठल्यास अर्धी वाटी बेसन आणि दीड ते दोन वाट्या पाणी पुरते. कढीस वाटीभर आंबट दही, दोन वाट्या पाणी आणि चमचाभर बेसन घ्यावे. ती उकळेपर्यंत ढवळीत राहावे आणि मीठ शेवटी घालावे, म्हणजे फुटत नाही. एक लक्षात ठेवावे की धान्य निम्मे केले म्हणून पाणी अगदी निम्मे करून चालत नाही. वाफ तेवढीच जाते. म्हणून पाण्याचा हात किंचित सढळ हवा. भांडे लहान घ्यावे. मोठ्या पातेल्यात मूठभर डाळ तळाशी लागते आणि फोडणीस तेलही अधिक ओतावे लागते.

दुसरी गोष्ट, रात्रीचा क्रम ठरलेला असावा. रोज संध्याकाळी “आज काय करावे?” या प्रश्नातच अर्धी शक्ती संपते आणि मग हात मोबाईलकडे जातो. आमच्या घरचा क्रम असा आहे. सोमवारी खिचडी आणि कढी. हे गुजराती घरांतले रात्रीचे जेवण. बडोद्यात राहून आपण ते आपलेसे केले आहे, आणि कढीत गुळाचा खडा घालावा की न घालावा एवढाच वाद आपल्यात उरला आहे. मंगळवारी ज्वारीची किंवा थंडीत बाजरीची भाकरी आणि पिठले. बुधवारी मोडाच्या मुगाची उसळ आणि पोळी. गुरुवारी दुधीची चण्याची डाळ घालून भाजी आणि भात. शुक्रवारी भाजणीचे थालीपीठ व दही. शनिवारी मऊ भात, मेतकूट, तूप आणि पालेभाजी. रविवारी तांदळाची उकड. अर्धी वाटी पीठ, दीड वाटी आंबट ताक व पाणी मिळून, आणि हिरवी मिरची, कढीलिंब व हिंग यांची फोडणी. यातला कोणताही पदार्थ करावयास पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाही. चातुर्मासात जी घरे कांदा-लसूण वर्ज्य करतात, त्यांसही यातले जवळजवळ सारे चालते. पिठल्यास हिंग-जिऱ्याची फोडणी दिली म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट, हे अन्न स्वस्त आहे म्हणून हलक्या प्रतीचे आहे असे समजू नये. तांदूळ व गव्हाच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे उणे असते ते धान्य पुरविते. म्हणून वरण-भात किंवा खिचडी ही जोडी आपल्या पूर्वजांनी नकळत अगदी योग्य जमविली आहे. अर्धी वाटी मूग रात्री भिजत घालून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवले तर मोड येऊन त्यांची दीड वाटीच्या आसपास उसळ होते. ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांची थोरवी आता जगासही पटली आहे; भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी सन २०२३ हे वर्ष या धान्यांचे म्हणून पाळले. आमच्या आजीस ते कोणी सांगावे लागले नव्हते. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक बारीक गोष्ट येथे नमूद करतो. पालेभाजी वा उसळीवर लिंबू पिळावे, त्याने अन्नातले लोह अंगी लागण्यास साहाय्य होते; आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने त्यास अडथळा येतो. ज्यांस मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र आपल्या वैद्यांस विचारूनच धान्य-डाळीचे प्रमाण ठरवावे.

चौथी गोष्ट उरलेल्याची. प्रहर उलटून गेलेले, रस गेलेले, वास आलेले शिळे अन्न तामसी माणसास प्रिय असते असे गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. आजचे शास्त्रही निराळे सांगत नाही. शिजविलेला भात तासन् तास उघड्यावर राहिला तर त्यात असे जंतू वाढू शकतात की ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून प्रथम मापातच करावे. उरलेच तर तास-दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवावे. न शिजविलेल्या भाजीचे मात्र दोन भाग बेलाशक करावेत. दुधी मोठा निघाला तर आज अर्ध्याची भाजी, उरलेला अर्धा किसून उद्याच्या थालीपिठात, आणि सालींची तीळ घालून चटणी. तीन दिवस आंबवून टाकलेली ती पहिली खिचडी आम्ही विसरलेलो नाही; त्या दिवसापासून आमच्या घरात शिजलेले अन्न टाकण्याची वेळ सहसा येत नाही.

आता पुरुषवर्गास दोन शब्द. “हे बायकांचे काम” असे म्हणून जे सोपे पडतात, त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो की देवाचा नैवेद्य करणारे आमचे तीर्थरूप कोण आहेत? विराटनगरीत बल्लव होऊन भीमाने स्वयंपाकघर सांभाळले. नळराजाची ओळख दमयंतीस पटली त्यात त्याच्या हातच्या पाकाची चव हीही एक खूण होती. दोघांच्या घरात एकाने शिजवावे आणि दुसऱ्याने नुसते बसावे हे बरे नव्हे. एकाने तांदूळ धुवावेत, दुसऱ्याने कोथिंबीर निवडावी. एकाने वाढावे, दुसऱ्याने भांडी घासावीत. आजोबांच्या गुडघ्यांत बळ नसेल तर खुर्चीवर बसून मटार सोलता येतात. आमचे बाबा आज हेच करतात, आणि मटार सोलता सोलता आम्हांस आईच्या माहेरच्या गोष्टी सांगतात. तिच्या पश्चात सहा महिने आमच्या घरात तिचे नाव उच्चारले गेले नव्हते. ते पुन्हा उच्चारले गेले ते चुलीपाशीच.

आपल्या धर्मशास्त्रात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांच्याकडून नकळत जीवहत्या घडते. तिच्या परिहारासाठी पाच महायज्ञ सांगितले. ऋषी, देव, पितर, मनुष्य आणि इतर प्राणिमात्र या साऱ्यांस आपापला भाग द्यावा, हा त्यांचा आशय. दोघांच्या लहान संसारातही हे पाचही यज्ञ होऊ शकतात. स्वयंपाक होईतो एखादे स्तोत्र म्हणावे, तो ऋषींचा भाग. पहिली मूद देवापुढे ठेवावी, तो देवांचा. आईच्या हातची एखादी कृती तिची आठवण काढून करावी, तो पितरांचा. पानाभोवतीची चित्राहुती किंवा पाखरांसाठी गच्चीवर टाकलेले दाणे, तो प्राणिमात्रांचा. राहिला मनुष्याचा भाग. त्याविषयी थोडे अधिक सांगावयाचे आहे.

दोघांचे घर आपल्यातच मिटून गेले तर त्यातही एक प्रकारचा स्वार्थ शिरतो. दोघांचे करताना तिसऱ्याचे स्मरण असावे. वनवासात द्रौपदीची थाळी रिकामी झाल्यावर दुर्वास ऋषी शिष्यांसह आले. तिच्या धाव्यासरशी आलेल्या श्रीकृष्णांनी थाळीस चिकटलेले भाजीचे पान शोधून काढले आणि तेवढ्याने सारे तृप्त झाले. या कथेचा चमत्कार बाजूस ठेवला तरी एवढे उरतेच की देणाऱ्याजवळ किती आहे यास महत्त्व नाही. आमच्या शेजारी एक वृद्ध काकू एकट्या राहतात. आईच्या वेळी तेरा दिवस डबा पाठविणाऱ्यांत त्या होत्या. आमची चूल पुन्हा पेटली तेव्हा त्यांची विझल्यातच जमा होती, हे आम्हांस उशिरा कळले. आता दर सोमवारी खिचडीत आम्ही एक मूठ अधिक टाकतो आणि काकू आमच्याकडे येतात. गुरुवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे जातो. पहिल्या सोमवारी त्या म्हणाल्या, “अरे, माझ्या एकटीसाठी कशाला?” बाबांनी काही न बोलता तिसरा पाट मांडला.

म्हणून एक विनंती करून हे निरूपण आवरतो. आपणांपैकी ज्यांच्या घरी दोघेच आहेत त्यांनी येत्या पौर्णिमेपासून एवढा संकल्प करावा. आठवड्यातून निदान पाच रात्री घरी अग्नी पेटवावा, मग तो एका मऊ भातासाठी का असेना. देवास दाखवून दोघांनी समोरासमोर बसून, मोबाईल दूर ठेवून जेवावे. आणि धान्य मोजताना रोज एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकावेत. महिन्याच्या तीस मुठींचा सव्वा ते दीड किलो शिधा होतो. तो दर पौर्णिमेस देवालयात आणून दिल्यास ज्यांस गरज आहे त्यांच्या घरी तो पोहोचविण्याचे काम आम्ही स्वतः करू. ज्यांच्या घरी एकच माणूस उरले आहे, त्यांनी संकोच न करता आम्हांस कळवावे. आपल्यातली दोन एकेकटी घरे जोडली तरी एक चूल पेटते.

या गोष्टीस आता काही वर्षे लोटली. बाबांचे रक्त भरून आले आहे. आता ते पुन्हा पूर्ण स्वरात मंत्रपुष्पांजली म्हणतात आणि शब्द अडखळत नाही. ते ऐकताना आपणांस देवाची कृपा वाटत असेल, आम्हांसही वाटते. फक्त ती कृपा आमच्या घरी पाऊण वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी डाळ या रूपाने आली, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याची थोरांनी क्षमा करावी. प्रत्येक घरात चूल पेटती राहो, पाटावर बसणारा सुखाने जेवो, आणि वाढणाऱ्याचा हात कधी आखडता न होवो, हीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीपांडुरंगार्पणमस्तु ॥